सोसायटी ऑफिशियल (फक्त महत्त्वाचे मेसेज)

ए-५०१ पाटणकर: आत्ता गच्चीवर दोन माणसं दोर बांधत होती. विचारलं तर म्हणे सोमवारपासून रंगकाम. कोणी ठरवलं? माझ्या बेडरूमची भिंत अजून ओली आहे, जूनपासून सांगतेय. त्यावर बाहेरून रंग फासून काय होणार?

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): ताई नमस्कार. ते फक्त रंगाऱ्यांचा झोपाळा गच्चीवरून कुठून सोडता येईल ते बघायला आले होते. गैरसमज नसावा 🙏

ए-५०१ पाटणकर: मग सोमवार त्यांना स्वप्नात दिसला का?

बी-५०३ देशपांडे काकू: शुभ सकाळ. रंग ठरला का? मागच्यासारखा पिवळा नको बाई. सहा महिन्यांत पंचायत समितीचं ऑफिस दिसायला लागलं होतं.

बी-४०१ रोहन: काकू, ग्रे घेऊया. बाणेरच्या सगळ्या नव्या स्कीम ग्रेच आहेत.

बी-५०३ देशपांडे काकू: ग्रे म्हणजे सिमेंटचाच रंग. मग रंगवायचं तरी कशाला?

बी-१०२ साठे: सर्व संबंधितांस विनंती. तिन्ही कोटेशनं पीडीएफ स्वरूपात ग्रुपवर टाकावीत. – साठे, बी-१०२

ए-३०३ नाईक (खजिनदार): सर्वांच्या माहितीसाठी. सर्वात कमी कोटेशन २४ रु. चौ. फूट, मालासकट. मोजमाप ५२,००० चौ. फूट. १२,४८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,२४,६४०. एकूण १४,७२,६४०. भागिले ४८ फ्लॅट, म्हणजे प्रत्येकी ३०,६८०.

ए-१०४ जाधव: भागिले ४८ का? माझा वन बीएचके. ६०१ चा डुप्लेक्स, वर टेरेस. दोघांना ३०,६८०?

ए-६०१ मेहेंदळे: बाहेरची भिंत सगळ्यांची असते जाधव. लिफ्टचा खर्च समान देताना तळमजल्यावाले भांडतात आणि रंगाच्या वेळी पहिल्या मजल्याला चौरस फूट आठवतात.

ए-१०४ जाधव: मी लिफ्टचे पैसे १९ वर्षं भरतोय, न चढता.

बी-१०२ साठे: उपविधीनुसार सेवा शुल्क समान. दुरुस्ती निधी मात्र त्या त्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान पाऊण टक्का. म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. जाधवांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आता कोटेशनं पीडीएफमध्ये टाकावीत. – साठे, बी-१०२

बी-२०४ गायकवाड: नाईक मॅडम, ५२,००० हे खिडक्या वजा करून का?

ए-३०३ नाईक (खजिनदार): ते शिंदे साहेब सांगतील.

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): पेंटर म्हणतो छोट्या खिडक्या वजा करत नाहीत. कडा रंगवायला तेवढंच काम पडतं.

बी-२०४ गायकवाड: छोट्या ठीक. आपल्या हॉलच्या स्लायडिंग छोट्या नाहीत. ४८ हॉल आहेत. फीत घेऊन मी येतो त्याच्याबरोबर, रविवारी मोकळा आहे.

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): मटार महाग असेल तर फ्लॉवर आण आणि कढीपत्ता विसरू नको

बी-४०१ रोहन: साहेब, फ्लॉवरचंही कोटेशन तीन ठिकाणचं घ्या 😂

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): _हा मेसेज डिलीट केला आहे_

ए-५०१ पाटणकर: माझ्या भिंतीबद्दल कोणी बोलणार आहे का? पाणी ६०१ च्या लाकडी डेकखालून येतं. डेक केल्यापासून हा तिसरा पावसाळा.

ए-६०१ मेहेंदळे: वहिनी, पुन्हा तेच. टेरेसचं वॉटरप्रूफिंग बिल्डरचं, भिंतीच्या भेगा सोसायटीच्या. डेक फक्त वर ठेवलेला आहे. उलट शिंदे, तुमचा पेंटर येतोच आहे तर डेकला पण एक हात मारून देईल का? माझ्या खर्चाने. दोन वर्षांत पापुद्रे निघाले.

बी-४०१ रोहन: माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिचा नवरा दर दोन-तीन उन्हाळ्यांनी स्वतः डेक धुतो, सुकवतो, स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारतो. फोटोपण टाकतो.

बी-५०३ देशपांडे काकू: आमचे हे बल्ब बदलला तरी फोटो टाकतील.

बी-२०४ गायकवाड: मेहेंदळे काका, भिंतीच्या पेंटरला लाकूड देऊ नका. तुमच्याकडे वरून चकचकीत पॉलिश मारलंय, त्याचा थर बसतो आणि उन्हात-पावसात तडकतो. उघड्यावरच्या लाकडाला आत मुरणारं तेलाचं स्टेन लागतं. जुना थर पूर्ण घासून काढायचा, लाकूड सुकू द्यायचं, मग पातळ हात. तो फर्निचर पॉलिशवाल्याचा धंदा, झोपाळ्यावरच्या पोरांचा नाही. आणि हो, घासायला फळ्या उचलणारच आहात तर खाली पाणी जायची जाळी तुंबली आहे का तेही बघून घ्या.

ए-५०१ पाटणकर: धन्यवाद गायकवाड. हेच मी तीन वर्षं सांगतेय, पण मी तुमच्यासारखी सिव्हिल इंजिनिअर नाही ना.

ए-६०१ मेहेंदळे: फळ्या उचलायचा खर्च कोण देणार?

ए-५०१ पाटणकर: माझ्या गादीचा कोणी दिला?

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): कृपया वैयक्तिक वाद ग्रुपवर नकोत. दिवाळीच्या आत बिल्डिंग छान दिसावी एवढाच हेतू आहे.

बी-२०४ गायकवाड: साहेब, दिवाळी विसरा. आधी भेगा उघडून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायच्या. जिथे प्लास्टर पोकळ वाजतंय तिथे काढून नवीन. नव्या प्लास्टरला २८ दिवस द्यावे लागतात. ओल्या भिंतीवर मारलात तर फोड येणार, पांढरे क्षार फुटणार, आणि पेंटर म्हणणार भिंतच खराब होती.

बी-१०२ साठे: बिल्डिंग १९ वर्षांची आहे. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करायचं असतं. शेवटचं कधी झालं? आणि तिन्ही कोटेशनं पीडीएफमध्ये. – साठे, बी-१०२

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): साठे काका, कोटेशन दोनच आली आहेत. तिसरा मोठा कंत्राटदार साइट बघून गेला, पुन्हा फोन उचलला नाही. म्हणून आपल्या ओळखीच्या लोकल माणसाला प्राधान्य दिलं.

ए-१०४ जाधव: कोणाच्या ओळखीच्या?

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): माझ्या गावचा आहे म्हणून नाही. समोरच्या सोसायटीचं काम त्यानेच केलंय, जाऊन बघा. लोकल असला की उद्या पापुद्रा निघाला तरी धरता येतो.

ए-१०४ जाधव: ॲडव्हान्स दिला का?

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): फक्त १ लाख. बांबू-दोराच्या भाड्यासाठी.

बी-१०२ साठे: २६ ते ५० सभासदांच्या सोसायटीत कमिटीला सर्वसाधारण सभेशिवाय दुरुस्तीवर ५० हजारांपर्यंतच खर्च करता येतो. हे लेखी आहे.

ए-३०३ नाईक (खजिनदार): चेकवर माझी सही आहे. मला सांगितलं होतं सभेत ठरलंय.

बी-४०१ रोहन: ओहो.

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): पगार न घेता सात वर्षं करतोय. ज्यांना जमतं त्यांनी खुर्ची घ्यावी. निवडणुकीत एकही अर्ज आला नव्हता, आठवत असेल.

बी-५०३ देशपांडे काकू: असं नका बोलू शिंदे, तुमच्यामुळेच टँकर वेळेवर येतो. पण एक लाख जरा जास्तच झाले.

बी-२०४ गायकवाड: झालं ते झालं, बिलातून वळते करा. लोकल माणूस मलाही चालेल. फक्त करारात लिहून घ्या: झोपाळ्यावरच्या प्रत्येकाला बेल्ट आणि विमा, नाहीतर पडला तर सोसायटी कोर्टात. पैसे टप्प्याटप्प्याने, दहा टक्के पुढचा पावसाळा जाईपर्यंत अडकवून. बादल्या सीलबंद याव्यात आणि आपल्यासमोर फुटाव्यात. दोन हातांना लिटरमागे साधारण ५०-६० चौ. फूट धरा, म्हणजे ५२,००० ला वीस लिटरच्या ४५-५० बादल्या. ३० आल्या तर उरलेला रंग म्हणजे टँकरचं पाणी.

ए-६०१ मेहेंदळे: बरं. जाळीच्या वरच्या फळ्या उचलून देतो. पाणी साठवून दोन दिवस बघा. पण टेरेसमधून गळलं नाही तर वहिनींनी ग्रुपवर तसं लिहायचं.

ए-५०१ पाटणकर: लिहीन. गळलं तर तुम्ही लिहा.

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): येत्या रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये विशेष सर्वसाधारण सभा. सर्वांनी यावे 🙏

बी-१०२ साठे: विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. आज गुरुवार. रविवार बसत नाही.

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): पुढचा रविवार. आता खूश?

बी-१०२ साठे: नोटीस बोर्डावर लावावी, ग्रुपवरची धरत नाहीत. सोबत कोटेशनं जोडावीत. – साठे, बी-१०२

बी-४०१ रोहन: तोवर रंगाचा पोल टाकतो. १) ग्रे २) क्रीम ३) विटकरी पट्टे ४) काकू म्हणतील तो

बी-५०३ देशपांडे काकू: चौथ्याला दोन मतं दिली तर चालतं का?

ए-५०१ पाटणकर: रोहन, पाचवा पर्याय टाक. आधी लिकेज.

बी-३०२ शिंदे (सेक्रेटरी): ताई, तो रंगाचा पोल आहे.

ए-५०१ पाटणकर: माहीत आहे. टाक.