मदत हवी आहे: घरून काम करणाऱ्या टीमचा वेग नेमका कुठे अडतोय, हे कसं शोधू?

माझ्या टीममध्ये सहा जण आहेत, सगळे पूर्णवेळ घरून काम करतात. गेल्या तीन महिन्यांत दोघांचं काम सतत मागे पडतंय. दोघंही जुने आणि मनापासून काम करणारे, त्यामुळे आळशीपणाची शंका मला नाही. इंटरनेट, लॅपटॉप ठीक आहेत, कामाच्या वेळाही सारख्याच.

रोज सकाळी १५ मिनिटांची मीटिंग सुरू केली, फरक पडला नाही. स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर दोन आठवडे लावलं, ती माझी चूकच झाली. लोक प्रश्न विचारायचेच थांबले. ते काढून टाकलं.

परवा जुने चॅट चाळले. अकराला विचारलेल्या "हे असं चालेल का?" या प्रश्नाला उत्तर चारला गेलं होतं, तेही माझ्याकडून. पण एकाच्या घरी कामाला वेगळी खोली नाही, हेही खरं.

अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांच्या २०१५ च्या अभ्यासात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. पण ते कॉल सेंटरचं काम, आमचं एकमेकांवर अवलंबून.

पाळत न ठेवता, उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ आणि घरातल्या व्यत्ययात गेलेला वेळ वेगळा कसा मोजता येईल? आणि त्या दोघांना न दुखावता हे विचारायचं कसं?