टायननचं ऑलिव्हिएला पत्र : हिंमत की निलाजरेपणा?

तिसरी_घंटा : १९६२ चा उन्हाळा. इंग्रज नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिए इंग्लंडमधल्या चिचेस्टरचं नवंकोरं थिएटर चालवतोय आणि 'ऑब्झर्व्हर' या लंडनच्या वृत्तपत्राचा नाट्यसमीक्षक केनेथ टायनन त्याला उद्देशून जाहीर पत्र छापून त्या मोसमाची पार सालटी काढतो. ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या नव्या नॅशनल थिएटरचा पहिला संचालक म्हणून ऑलिव्हिएचं नाव जाहीर होतं. लगेच हाच टायनन त्याला दुसरं पत्र धाडतो, खाजगी : नाटकं निवडायला मला घ्या!

बरं, १९५५ साली शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मधल्या व्हिव्हियन लीची, म्हणजे ऑलिव्हिएच्या तेव्हाच्या बायकोची, यानेच क्रूर टिंगल केलेली. निलाजरेपणा नाही तर काय? आणि ऑलिव्हिएने त्याला घेतलं ते निव्वळ तोंड बंद करायला. होकाराच्या पत्राखाली त्याने स्वतःच्या हाताने खरडलंय : तुला त्या ऑब्झर्व्हरमधून हलवायला वाट्टेल ते!

विंगेतून : अहो, ती थट्टा आहे. नटाची थट्टा शब्दशः घेऊ नका. टायननचं पत्र आलं तेव्हा आधी ऑलिव्हिए भडकलाच होता. या माणसाचा काटा कसा काढायचा, असं त्याने जोन प्लोराइटला, आपल्या नव्या बायकोला, विचारलं. तिचा सल्ला उलटा : घे त्याला. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या नव्या नाटकांत वाढलेली नटी ती, वारं फिरलंय हे नवऱ्याआधी तिला कळलं. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वात शहाणं माणूस तीच.

बाल्कनी_क : निलाजरेपणा म्हणा हवं तर, पण निघालं काय ते बघा. ऑलिव्हिए 'ऑथेल्लो' करायला कचरत होता. टायनन मागे लागला म्हणून १९६४ चा तो प्रयोग झाला. १९६६ ला एडिंबराच्या फ्रिंज नाट्यमहोत्सवात विद्यार्थ्यांनी केलेल्या एका नाटकाचं परीक्षण वाचून टायननने तातडीने संहिता मागवली. ते स्टॉपर्डचं 'रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड'. पुढच्याच वर्षी ते ओल्ड व्हिकवर, नॅशनलच्या मंचावर. तोंड बंद करायला घेतलेला माणूस एवढं राबतो?

तिसरी_घंटा : राबला, मान्य. पण लंडनच्या नाट्यसमीक्षेतली सर्वात धारदार लेखणी त्यात गेली, त्याचं काय? टायनन बाहेर असता तर त्याच नॅशनलला त्याने झोडपलं असतं, आणि ते त्यांना हवंच होतं. आपल्याकडे असं पत्र कुणी लिहिलं तर आपण त्याला 'तडजोड' म्हणू.

विंगेतून : आत जाऊन तो गप्प बसला असं वाटतं की काय? १९६७ चं जर्मन नाटककार होखहूटचं 'सोल्जर्स' आठवा. दुसऱ्या महायुद्धातला पोलंडचा पंतप्रधान सिकोर्स्की याच्या मृत्यूत चर्चिलचा हात होता असं सुचवणारं नाटक. नॅशनलचे अध्यक्ष लॉर्ड चँडॉस खुद्द चर्चिलच्या युद्धकाळच्या मंत्रिमंडळातले! मंडळाने नाटक फेटाळलं, तरी टायनन नमला नाही. १९६८ च्या अखेरीस ते वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर, लागलंच, आणि ते लावण्यात तोही होता.

पिटातला : मला दोघांचंही पटत नाही. 'सोल्जर्स'मध्ये चर्चिलवरच्या आरोपाला धड पुरावा नव्हता. चँडॉस जुन्या साहेबाची बाजू घेत होते हे खरं, पण म्हणून टायनन बरोबर ठरत नाही. यात ऑलिव्हिएचे हाल झाले. नाटक त्याला स्वतःला फारसं आवडलं नव्हतं, तरी तो टायननच्या पाठीशी राहिला.

तिसरी_घंटा : हेच तर म्हणतोय. ऑब्झर्व्हरमधून काढून घरात घेतला, आणि भांडणं निस्तरायला ऑलिव्हिए.