मदत हवी आहे: अँजिओग्राफी साफ, तरी बहिणीच्या छातीत दाटतं (ताकायासू)

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. धाकट्या बहिणीला (वय ३४) दोन वर्षांपूर्वी ताकायासू निघाला. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येते, तो आजार. डाव्या हाताची नाडी जेमतेम लागते. बीपी त्या हातात ९०, उजव्यात १४०. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे.

यंदा चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधताना डावा हात भरून आला, ते नेहमीचंच. पण नंतर नारळांची पिशवी घेऊन माडीवर निघाली आणि मधल्या पायरीवर बसलीच. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटलं म्हणाली. दहा मिनिटांनी उतरलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी होतं.

अँजिओग्राफी झाली. 'साफ आहे, गॅस असेल' म्हणून घरी पाठवलं. घरचे खूश, आणि तिला वाटायला लागलं की आपणच नाटक करतोय. मला राग त्याचा येतो.

संधिवाताचे डॉक्टर (हा आजार तेच बघतात) म्हणाले, अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात त्या दिसत नाहीत. सूज रेंगाळली की त्या बारीक वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं आणि चढताना-उचलताना त्या हव्या तेवढ्या सैलावत नाहीत. एडेनोसिन (हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देऊन एमआरआय किंवा पेट (PET) स्कॅन करा म्हणाले.

कोणी केलंय का? दोन्हींतलं कुठलं? बेळगाव गाठावं की मुंबई?

प्रतिसाद
माझ्या बायकोचं पेट स्कॅन झालंय, मुंबईला. आधी विश्रांतीत आणि मग औषध देऊन रक्तप्रवाह मोजतात. निरोगी हृदयात तो तिप्पट-चौपट होतो, हिचा दुपटीलाही पोचला नव्हता. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, बहिणीच्या वयाला तेही विचारा. दमा असेल तर आधीच सांगा, एडेनोसिन चालत नाही. बीपी उजव्याच हाताला घ्यायला लावा, नाहीतर तिथे गोंधळ घालतात. आणि ईएसआर, सीआरपी (सूज बघायच्या रक्ततपासण्या) नॉर्मल आले म्हणून सूज गेली असं धरू नका. स्टेरॉइड आपल्या मनाने तर मुळीच कमी करू नका. बसल्या जागी दुखलं किंवा घाम फुटला तर थेट इमर्जन्सी.
चहा-कॉफी तपासणीच्या २४ तास आधीपासून बंद.

धागाकर्ता
खूप आभार. दमा नाही. एमआरआयचं उद्याच विचारतो. चहाचं मात्र तिला आईकडूनच सांगवतो, माझं ऐकायची नाही.