आजारपणावरचं प्रकरण पटत नाही, तरी पुस्तक गटात वाचावं का?

शांतिवाट:
आमच्या बायबल अभ्यासगटात प्रार्थनेवरचं एक पुस्तक चाललं आहे. लेखकाचं नाव देत नाही, चर्चा त्यांच्यावर घसरायला नको. सुरुवातीच्या प्रकरणांनी मला पहाटे प्रार्थनेला बसायची गोडी लावली. मग आजारपणाचं प्रकरण आलं. लेखक म्हणतात, विश्वासाने मागितलं तर माणूस बरा होणारच; झाला नाही तर विश्वासात उणीव आहे. आमच्या गटातल्या एका ताईंचं डायलिसिस चालू आहे, आणि पुढच्या बैठकीत त्यांच्यासमोर हे वाचायचं आहे. मला हे शिक्षण पटत नाही, पण उत्तरही मांडता येत नाही. काही जण म्हणतात पुस्तकच बंद करा, काही म्हणतात देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध, म्हणजे देवाने निवडलेल्या सेवकाविरुद्ध, बोलू नये. तुम्ही काय करता?

समासलेखक:
ताई, बंद करायच्या आधी एक काम करा. त्या प्रकरणात दिलेले सगळे संदर्भ वहीत उतरवा आणि प्रत्येक वचन त्याच्या अख्ख्या अध्यायासह वाचा. मी असं पुस्तक पेन्सिलीशिवाय उघडतच नाही. वचनात स्पष्ट लिहिलेलं असेल तिथे एक खूण, लेखकाने त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला वेगळी खूण. मतभेद बहुतेक वेळा दुसऱ्या खुणेपाशी सापडतो.

तुमच्या प्रकरणात मार्क ११:२४ (विश्वासाने मागाल ते मिळेल) आणि याकोब ५:१५ (विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील) असणार, कदाचित मत्तय १३:५८ही (लोकांच्या अविश्वासामुळे येशूने तिथे फारसे चमत्कार केले नाहीत). ती वचनं झटकून टाकू नका, प्रभूने विश्वासाबद्दल खरंच तसं सांगितलं आहे. पण विश्वासाने माणसं बरी झाली, एवढ्यावरून ‘बरा झाला नाही तो अविश्वासू’ हे सिद्ध होत नाही. मार्क २ मध्ये छपरातून सोडलेल्या पक्षघाती माणसाच्या वेळी येशूने त्याला आणणाऱ्यांचाही विश्वास पाहिला. मार्क ९ मधला बाप तर ‘माझा अविश्वास घालवा’ म्हणून रडतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो. उलट प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’ म्हटलेला आपला त्रास दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही (२ करिंथ १२). आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कोण धजेल?

आता पाहा, लेखक या उताऱ्यांबद्दल काही बोलतात का. बोलत असतील तर त्यांचं म्हणणं त्यांनाही मान्य होईल अशा शब्दांत आधी लिहून काढा, मग उत्तर द्या. एक शब्दही नसेल, तर गटाला सरळ सांगा की हे प्रकरण अपुरं आहे.

अभिषिक्तांविषयीचं वचन स्तोत्र १०५ मधलं आहे. परदेशी म्हणून फिरणाऱ्या पूर्वजांना इजा करू नका, असं तिथे देव राजांना बजावतो. शिक्षण तपासू नका, असं तिथे कुठेही नाही. बिरुया शहरातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं रोज पवित्र शास्त्रात तपासलं आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो (प्रे. कृत्ये १७:११).

मतभेदाने प्रेम आटायलाच हवं असंही नाही. इंग्लंडमधले प्रवचनकार जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफील्ड मित्र होते. वेस्लीने १७३९ मध्ये पूर्वनिवडीच्या (कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलं आहे, या) शिकवणुकीविरुद्ध प्रवचन केलं आणि छापलं. ही शिकवण मानणाऱ्या व्हिटफील्डने छापील पत्रानेच उत्तर दिलं. दोघांनीही मत बदललं नाही. तरी १७७० मध्ये व्हिटफील्ड वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे स्मरणाचं प्रवचन वेस्लींनी केलं.

तेलाची कुपी:
वरचं सगळं मान्य, पण आधी त्या ताईंशी बोला. माझ्या भावाच्या आजारपणात एका प्रार्थनासभेत आम्हाला हेच ऐकवलं गेलं. त्यानंतर तो स्वतःसाठी प्रार्थना करायलाही घाबरायचा. अशी वाक्यं आजारी माणूस एकटा पडला की पुन्हा पुन्हा ऐकतो.

ईयोबाचे मित्र आठवा, त्याच्या दुःखाचं खापर त्याच्याच पापावर फोडणारे. त्यांतल्या अलीफजावर देवाचा राग भडकला, त्याने देवाविषयी योग्य ते सांगितलं नाही (४२:७). तरीही पौल १ करिंथ ३:१९ मध्ये ‘तो ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरतो’ हे वाक्य शास्त्र म्हणून देतो, आणि ते त्याच अलीफजाचं आहे, ईयोब ५:१३! म्हणून तुमच्या लेखकाची पहाटेच्या प्रार्थनेची प्रकरणं मी फेकणार नाही. पण त्यांचा हात धरून कुणाच्या आजारपणात शिरणारही नाही.

नवा द्राक्षारस:
माझं थोडं वेगळं मत आहे. बाप्तिस्म्याची पद्धत, शेवटच्या काळाचा क्रम, यावर न पटणारं पुस्तक मी आनंदाने गटात घेतो. ख्रिस्त कोण आणि तारण कशाने, इथेच गडबड असेल तर गटात घेत नाही (गलती १:८). तुमचं पुस्तक या दोन्हींच्या मधलं वाटतं. गटात अगदी नवे विश्वासणारे असतील तर ते प्रकरण वगळा. न पटणाऱ्या प्रत्येक पानाशी झगडायची ताकद सगळ्यांत नसते.

शांतिवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंना फोन केला. त्यांनी प्रकरण आधीच वाचलं होतं आणि रात्रभर झोपल्या नव्हत्या. तरी म्हणाल्या, ‘वगळू नका, मी नसताना कुणीतरी हे वाचणारच आहे, तेव्हा माझ्यासमोर वाचा.’ २ करिंथ १२ त्या स्वतः वाचून दाखवणार आहेत. लेखकाचं म्हणणं मी लिहून काढलं. त्रफिमाचा उल्लेख पुस्तकात कुठेच नाही, काट्यावर मात्र एक परिच्छेद आहे. त्यांच्या मते तो काटा म्हणजे आजार नव्हे, पौलाला छळणारी माणसं. @समासलेखक, याला आधार आहे का? बैठकीआधी मला हे नीट समजून घ्यायचं आहे.

समासलेखक:
आहे, ताई. गणना ३३:५५ मध्ये शत्रूंना ‘कुशीतले काटे’ म्हटलं आहे, त्यावरून बरेच अभ्यासक तसा अर्थ लावतात. हा मुद्दा त्यांना द्या. पण मग त्रफिम उरतोच, आणि १ तीमथ्य ५:२३ मधली, पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याची वारंवारची दुखणीही. तिथे पौल त्याला विश्वास वाढव असं सांगत नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो.