मुलाचं नाव लहानसं आणि वेगळं हवंय: तुम्ही कसं ठरवलंत?

माझ्या धाकट्या बहिणीला मुलगा झालाय आणि नाव अजून ठरायचंय. तिची अट एवढीच, की नाव दोन अक्षरी, फार तर तीन अक्षरी असावं आणि सहसा कानावर न पडणारं. नावांच्या याद्या चाळून झाल्या. त्यात अर्थ मिळतो, पण ते नाव रोजच्या वापरात कसं बसतं ते कळत नाही. म्हणून ज्यांनी असं नाव ठेवलंय, किंवा ज्यांचं स्वतःचंच नाव असं आहे, त्यांनी हात न आखडता लिहा.

क्रतुची आई
नाव नवऱ्यानं सुचवलं, त्याला आकाशदर्शनाचं वेड. सप्तर्षींच्या चौकोनातले दोन तारे ध्रुवाची दिशा दाखवतात. त्यातला ध्रुवाच्या जवळचा क्रतु, दुसरा पुलह. मला ऐकताक्षणीच आवडलं. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे गं, पण मला हाक मारता यायला हवी." रास्तच होतं ते. मग बाहेर कुणालाही न सांगता घरात ते नाव वापरायला लागलो. "क्रतुचं दुपटं वाळलं का?", "क्रतुला जरा घे ना", "क्रतुनं आज झोपूच दिलं नाही." नुसतं नाव घेताना सासूबाई पहिल्या जोडाक्षराला अडखळायच्या, पण वाक्यात आलं की सहज म्हणायच्या. चार दिवसांत त्याच "माझा क्रतु" म्हणायला लागल्या आणि प्रश्न मिटला. मग ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. मराठीच्या नियमानं शेवटचा उकार दीर्घ, संस्कृतात ऱ्हस्व. आम्ही ऱ्हस्व ठेवला आणि पहिल्या दाखल्यापासून सगळीकडे तसाच लिहितो. हे मात्र आधीच ठरवून टाका, एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असं होऊ देऊ नका.

स्वतःच अर्क
अर्क म्हणजे सूर्य, पण लोकांना आधी आठवतो तो बाटलीतला अर्क. फोनवर नाव नेहमी दोनदा सांगावं लागतं. तरी मला माझं नाव मनापासून आवडतं. वर्गात एकाच नावाची दोन-तीन मुलं असली की त्यांना आडनावानं हाक मारायचे, माझ्यावर ती वेळ कधीच आली नाही. आणि नाव कितीही छोटं ठेवा, मित्र शेवटी 'या' लावतातच. मी अजूनही अर्क्याच आहे.

एक काका
पुतण्यासाठी 'अज' जवळजवळ ठरलं होतं. रघूचा मुलगा, दशरथाचे वडील. शब्दकोश उघडला तर त्याच शब्दाचा अर्थ बोकड असाही निघाला. यादीत एकच अर्थ देतात, कोशात सगळे सापडतात. आधी कोश बघा.

नीलचे बाबा
आम्हाला 'ऋत' हवं होतं. ऋग्वेदातला शब्द, सृष्टीचा नियम. अर्थानं याहून मोठं नाव मला तरी माहीत नाही. पण आमच्या आजूबाजूला मराठी न येणारेच जास्त. इंग्रजीत लिहून ओळखीच्यांना नुसतं "वाचा" म्हटलं, तर कुणी रीता वाचलं, कुणी रूट. मन घट्ट करून नील ठेवलं. फार वेगळं नाही, मान्य आहे. पण कुठेही गेलं तरी नीलच राहतं, आणि पोराला आयुष्यभर नाव दुरुस्त करत बसावं लागणार नाही.

शर्वची आई
मला हे पटत नाही. आमच्या शर्वला लोक 'सर्व' म्हणतात, 'अथर्व का?' विचारतात. तो लगेच सांगतो, "शहामृगातला श. शंकराचं नाव आहे." सांगताना मान ताठ असते त्याची. समोरच्यानं विचारलं म्हणून त्याला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. दुरुस्तीच्या भीतीनं आवडतं नाव सोडू नका.

दोन नातवंडांची आजी
लांबून हाक मारून बघा. नी...ल, ओ...ज अशी हाक लांबवता येते, कारण पहिलाच स्वर दीर्घ आहे. 'ऋत'ला तसा आधार नाही, हाक तोंडातून निघते तोच संपते. मुलं खेळायला लागली की दिवसातून कितीदा हाक मारावी लागते, ते आत्ता तान्ह्याकडे बघून कळणार नाही.

ओजचे बाबा
आजींशी सहमत, आणि आडनावही लावून बघा. आम्ही आधी 'वेद' धरलं होतं. आमचं आडनाव 'दे'नं सुरू होतं, त्यामुळे भरभर म्हटलं की दोन्ही 'द' एकमेकांत मिसळायचे आणि नाव कुठे संपलं तेच कळेना. ओज म्हटल्यावर दोन्ही शब्द सुटे ऐकू आले. तुमच्या बहिणीच्या मनात जी दोन-चार नावं आहेत ती इथे लिहा, आडनावाचं पहिलं अक्षरही सांगा. म्हणून बघतो आणि कळवतो.