दिशेचा अंदाज आणि डोक्यावरचा आवाज

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या १९६३च्या हत्येतल्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून सगळ्याच टाकाऊ, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. गोळ्या कुठून आल्या यावर मतभेद आहेतच: कोणी रस्त्यालगतच्या पुस्तकांच्या गोदामाकडे बोट दाखवतं, कोणी जवळच्या गवताळ टेकाडाकडे. पण डीली प्लाझात, म्हणजे डॅलसमधल्या ज्या चौकात हत्या झाली तिथे, आवाज घुमतो, तिथे दिशा चुकणारच! गोळ्या किती, यावर मात्र बहुतेकांनी तीनच सांगितलं. आणि त्या वेळी गोदामाच्या पाचव्या मजल्यावर असलेले तीन कामगार? त्यांच्यापैकी एकाने वरच्या जमिनीवर काडतुसं पडल्याचा आवाज ऐकला, दुसऱ्याच्या केसांत छताचा चुरा पडला. सहाव्या मजल्यावर नंतर तीन रिकामी काडतुसं सापडली. ही साक्ष आणि रस्त्यावरच्या गोंधळातला अंदाज एकाच मापाने कसे तोलायचे?