संसारोपयोगी म्हणजे काय काय?

(सोसायटीचा ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव)

सेक्रेटरी काका: नमस्कार. पावसानं आपल्या वॉचमनमामांच्या घराची भिंत पडली, छपरही गेलं. ज्यांना जमेल त्यांनी संसारोपयोगी वस्तू रविवारपर्यंत ऑफिसात आणून द्याव्यात.

ए-३ भाभी: काका, जरूर देतो. पण आमच्या हिंदीत संसार म्हणजे जग. नेमकं काय काय आणायचं?

बी-४ वैनी: भांडी, कळशी, चादरी, शेगडी. घर चालवायला लागतं ते सगळं आणा की.

बी-७ तात्या: भाभींनी चांगलं विचारलं. शब्द संस्कृत ‘सृ’ धातूचा. सृ म्हणजे सरणं, वाहणं. त्याला ‘सम्’ लागला आणि वाहत राहणं, फिरत राहणं असा अर्थ झाला, म्हणजे जन्ममरणाचा फेरा. त्या फेऱ्यातलं सगळं जग म्हणून हिंदीतला अर्थ. मराठीत मात्र तो शब्द थेट स्वयंपाकघरात शिरला. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा चिकोडी-निपाणीकडं नदीकाठी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, ‘संसार वाहून गेला’. त्यात तवा, परात, धान्याची पोती, लेकरांची दप्तरं सगळं आलं. आपण संसार ‘थाटतो’ तसे संसारात ‘पडतो’ही. त्या ‘पडण्या’त विरक्तांचा जुना धाक अजून शिल्लक आहे असं मला वाटतं.

सी-५ जैन काकू: आमच्या शास्त्रात जीव दोन प्रकारचे, संसारी आणि मुक्त. तिथं संसारी म्हणजे बायकापोरंवाला नव्हे. मुंगीसुद्धा संसारी, दारातलं झाडही संसारी.

बी-७ तात्या: काकू, हे फार मोलाचं सांगितलंत. मूळ अर्थ तुमच्याकडं जसाच्या तसा आहे.

डी-१ दादा: बेंगळुरूत आमच्या टीममधला मल्याळी मित्र फोनवर सारखं संसार संसार करतो. विचारलं तर म्हणाला, मल्याळममध्ये संसारम् म्हणजे बोलणं!

बी-४ वैनी: आणि तमिळमध्ये बायकोलाच संसारम् म्हणतात, माझ्या जावेच्या माहेरी ऐकलंय.

बी-७ तात्या: दोन्ही बरोबर. समुद्रापलीकडं तर आणखी बदललं. मलय-इंडोनेशियन भाषेत ‘सेंगसारा’ म्हणजे हालअपेष्टा. थाईमध्ये ‘सोंगसान’ म्हणजे कणव येणं. फेऱ्यात सापडलेल्याला बघून मनात जे येतं, त्यालाच त्यांनी तो शब्द दिला. सगळ्या अर्थांत मला हा सर्वात जवळचा.

सी-२ अक्का: कन्नडमध्ये संसार म्हणजे तुमच्यासारखंच, घर-कुटुंब. घरादाराच्या माणसाला संसारस्थ म्हणतो. पण तात्या, तुमचा प्रपंच आणि आमचा प्रपंच वेगळा हं. कन्नडमध्ये प्रपंच म्हणजे जग.

ए-३ भाभी: म्हणजे आमचा संसार तो तुमचा प्रपंच! आणि हिंदीत प्रपंच म्हणजे छळ-कपट, नाहीतर नसती झंझट.

बी-४ वैनी: अगंबाई. आणि आम्ही ‘प्रपंच नीट करा’ म्हणून लेकीला सांगतो.

बी-७ तात्या: प्रपंचाचं मूळ विस्तार, पसारा. पसारा जगाचा बघितला तर अक्कांचा अर्थ, घराचा बघितला तर वैनींचा, आणि त्याचा वैताग आला की भाभींचा. वेदान्तात तर दिसतं ते सगळंच प्रपंच, म्हणून अक्कांचा अर्थ शास्त्राला धरून आहे.

सी-२ अक्का: तात्या, कन्नड शाळेतल्या पोरांना हे एकदा येऊन सांगा की. मराठी शाळेतलीही बोलावू.